ब्रेसलाऊच्या आजी: बी-टू पास परिचारिकेचं एक प्रकरण

‘संध्याकाळी साडेचारपासून अस्वस्थ. स्थळकाळाचं भान नाही. घरी जायचं म्हणते. कोट काढू देत नाही, हात लावला की ढकलते. आक्रमक.’

पूर्व जर्मनीतल्या ग्योर्लिट्झ शहरातल्या एका वृद्धाश्रमात, जानेवारीच्या एका संध्याकाळी, कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या एका तरुण परिचारिकेने जर्मनमध्ये केलेली ही नोंद. व्याकरणात चूक नाही, शब्द नेमके, वाक्यं आटोपशीर. तिथल्या पद्धतीप्रमाणे पुढच्या पाळीला माहिती पोचवण्याचं काम ही नोंद चोख करते. तरीही ती ज्या बाईंबद्दल आहे त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही. हे अंतर कुठून आलं आणि कसं थोडं कमी झालं, एवढंच या लेखात मांडायचं आहे. परिचारिकेच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मी पुण्यात परिचारिकांना जर्मन शिकवते. ज्या मुली तिकडे पोचल्या आहेत त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा ऑनलाइन तास असतो. तिकडे गेल्यावर पदवीला मान्यता मिळेपर्यंत त्यांना सहायक म्हणून काम करावं लागतं, शिवाय मान्यतेसाठी पूरक प्रशिक्षण तरी करावं लागतं किंवा ज्ञानपरीक्षा तरी द्यावी लागते. तासाचा बराच वेळ त्या तयारीत जातो. ही मुलगी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून, जिल्ह्याच्या ठिकाणी वॉर्डात काम करून, मग जर्मनच्या बी-टू पातळीची परीक्षा पास झालेली. या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. तिला सर्वांत जास्त गुण ऐकण्यात होते.

या प्रकरणात हेच महत्त्वाचं आहे. आजींचं बोलणं तिला ऐकू येत होतं, कळतही होतं.

काय ऐकू येत होतं

आजींचा जन्म १९३७ चा. मध्यम टप्प्यातला स्मृतिभ्रंश. दिवसा शांत असत, जेवण नीट, सकाळी गाणंही म्हणत. ग्योर्लिट्झला जानेवारीत चार-साडेचारलाच अंधार पडतो. अंधार पडायला लागला की त्या कोट चढवायच्या, उशीचा अभ्रा काढून त्यात रुमाल, मोजे, नाश्त्याच्या वेळी लपवून ठेवलेला पाव असं भरायच्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहायच्या.

मी तिला सांगितलं, आजी काय म्हणतात ते आहे तसं लिहून पाठव, अर्थ लावू नकोस. तिने चार-पाच संध्याकाळी ऐकलेली वाक्यं पाठवली. ‘मुटी झाग्ट, विर म्युसेन लोस.’ मम्मी म्हणते, आपल्याला निघायचंय. ‘इस्ट दी मिल्श वार्म?’ दूध गरम आहे का? ‘देर क्लायने इस्ट झो श्टिल.’ बाळ अगदी गप्प आहे. आणि पुन्हा पुन्हा, ‘नाख कांट.’ शेवटच्या वाक्यापुढे तिने कंसात विचारलं होतं: मॅडम, कांट म्हणजे तो तत्त्वज्ञ का?

यातलं एकही वाक्य ए-टू या सुरुवातीच्या पातळीच्या वर नाही. शब्दकोश लागत नाही. व्याकरण म्हणावं तर साधा वर्तमानकाळ. आणि तरी भाषेच्या कुठल्याही पातळीवरून ही वाक्यं उलगडत नाहीत, कारण ज्या दिवसाबद्दल ती आहेत तो दिवस माहीत असल्याशिवाय त्यांना जागाच सापडत नाही.

आजींच्या फायलीत जन्मगाव ‘ब्रेसलाऊ’ असं लिहिलेलं होतं. परिचारिकेने ते गाव फोनवर शोधलं, तर पोलंडमधलं व्ह्रोत्स्वाफ दाखवलं. म्हणून एका नोंदीत तिने ‘पोलंडला जायचं म्हणते’ असंही लिहिलं होतं. त्या वाक्याने रात्रपाळीच्या जर्मन सहकाऱ्याला किती विचित्र वाटलं असेल, याची कल्पना इथे बसून येत नाही. आजी तिथे होत्या तोवर ते गाव जर्मनीत होतं, पोलंडमध्ये नव्हतं.

जानेवारी १९४५

ब्रेसलाऊ ही तेव्हा जर्मनीत असलेल्या सायलेशिया प्रांताची राजधानी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिथे सव्वासहा लाखांच्या आसपास वस्ती होती, बहुतेक जर्मन. पश्चिमेकडच्या शहरांवर बॉम्ब पडत असताना हे शहर बरंच सुरक्षित मानलं जाई, म्हणून तिकडचे लोकही इथे आणून ठेवले होते. १९४४ च्या ऑगस्टमध्ये हिटलरने ब्रेसलाऊला ‘दुर्ग’ घोषित केलं. म्हणजे शरण जायचं नाही, शेवटपर्यंत लढायचं. १२ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत लाल सेनेचं मोठं आक्रमण सुरू झालं आणि आठवड्याभरात ती ओडर नदीच्या दिशेने आली. तोवर नागरिकांना बाहेर काढायची तयारी करू दिलेली नव्हती, कारण तयारी म्हणजे पराभवाची कबुली. मग एकाएकी नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख कार्ल हांके याने बायकामुलांना शहर सोडायचा हुकूम दिला. स्टेशनं तुडुंब भरली, गाड्या पुरल्या नाहीत. २० जानेवारीच्या सुमारास लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की बायकामुलांनी पायी निघावं, नैर्ऋत्येला, कांट गावाच्या दिशेने.

कांट म्हणजे तत्त्वज्ञ नव्हे. ब्रेसलाऊपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं एक छोटं गाव. पारा उणे वीसच्या आसपास. बर्फातून बायका बाबागाड्या ढकलत, स्लेज ओढत निघाल्या. त्या रस्त्यावर किती तान्ही मुलं गारठून गेली याचा नेमका हिशेब कोणीच ठेवला नाही. गेली मात्र पुष्कळ. आयांनी ती रस्त्याकडेला बर्फात ठेवली आणि बरोबरच्या मोठ्या मुलांना घेऊन त्या पुढे गेल्या.

आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या.

तासाला हे सांगितल्यावर पडद्यावर कोणी काही बोललं नाही. मग ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मी त्यांना रोज सांगत होते की इथे बाळ नाहीये.’

पुढचं थोडक्यात सांगते. ब्रेसलाऊला फेब्रुवारीच्या मध्यात वेढा पडला आणि शहर ६ मे १९४५ ला शरण आलं, बर्लिनच्याही चार दिवस नंतर. पॉट्सडॅम परिषदेत ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेकडचा प्रदेश पोलंडच्या ताब्यात गेला आणि उरलेल्या जर्मनांना तिथून घालवण्यात आलं. पूर्व युरोपातून पळालेले आणि हाकललेले असे जर्मन एकूण एक कोटीहून जास्त होते. ग्योर्लिट्झ नायसेच्या काठावर. युद्ध संपता संपता, ७ मेला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच नदीवरचे पूल उडवले. शहराचा पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये गेला, तो आज झ्गोझेलेत्स. पश्चिमेकडचा भाग १९४५ च्या उन्हाळ्यात निर्वासितांनी भरून गेला, कारण पुष्कळांना वाटत होतं की सीमा उघडेल आणि चार दिवसांत घरी जाता येईल. अन्नाची टंचाई भयंकर होती. उशीच्या अभ्र्यात पाव का असतो, याचं उत्तर बहुधा याच उन्हाळ्यात आहे.

फाइल रिकामी का होती

तिथल्या वृद्धाश्रमांत प्रत्येक रहिवाशाची जीवनकथा नोंदवायची पद्धत आहे. दाखल होताना ‘सध्या तुमच्या मनात काय चाललंय’ असा मोकळा प्रश्न विचारून माहितीची सुरुवात करतात, कुटुंब, नोकरी, आवडी यांचा तक्ता असतो. पद्धत चांगली आहे, मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. पण आजींच्या तक्त्यात जन्मगावानंतर थेट ‘१९४५ पासून ग्योर्लिट्झ, शिवणकाम, विवाहित, एक मुलगी’ असं होतं. मधलं काहीच नाही.

हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. सोव्हिएत ताब्यातल्या भागात, म्हणजे पुढच्या पूर्व जर्मनीत, असे सुमारे चाळीस लाख लोक आले होते. त्यांनी आपल्या हरवलेल्या गावाबद्दल चारचौघांत बोलावं अशी तिथल्या सरकारची इच्छा नव्हती. गाव ज्याच्याकडे गेलं तो पोलंड आता मित्रराष्ट्र होता. ६ जुलै १९५० ला पूर्व जर्मनीने नवी सीमा मान्य करणारा करार केला, तोही झ्गोझेलेत्समध्येच, म्हणजे आजींच्या खिडकीतून दिसणाऱ्या नदीच्या पलीकडे. पश्चिम जर्मनीत निर्वासितांच्या संघटना होत्या, मेळावे होत, निवडणुकीत त्यांच्या मतांना भाव होता. पूर्वेत अशा संघटनांना बंदी होती. त्यामुळे ब्रेसलाऊहून म्युनिकला गेलेल्या बाईची जीवनकथा आणि ग्योर्लिट्झला राहिलेल्या बाईची जीवनकथा, दोन्ही एकाच रस्त्यावरून निघालेल्या असल्या तरी, तक्त्यात सारख्या उतरणार नाहीत. एकीने चाळीस वर्षं सांगितली, दुसरीने गिळली. परदेशातून आलेल्या परिचारिकेला एवढं माहीत असायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजींची मुलगी लाइपत्सिगला राहते. तिच्याशी फोनवर काय आणि कसं बोलायचं, याची आम्ही तासाला तालीम केली. ‘तुमच्या आईचा भूतकाळ सांगा’ असा प्रश्न नाही. ‘तुमच्या आईला भावंडं होती का?’ असा. मुलीने सांगितलं की एक धाकटा मामा होता, तान्हा असताना युद्धात गेला, आई त्याबद्दल कधी बोलली नाही, आईची आई मात्र प्रत्येक जानेवारीत चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. कुठे गेला, कसा गेला, तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे रस्त्यावरचं ते बाळ हा आमचा अंदाज आहे. वाक्यं, तारीख आणि मेणबत्ती यांवरून बांधलेला. काळजी घेण्यासाठी तेवढा पुरेसा होता.

‘आजी कुणाच्या बाजूच्या?’

पुढच्या तासाला तिने एक प्रश्न विचारला, आणि इतकी वर्षं शिकवताना मला याहून चांगला प्रश्न कोणी विचारल्याचं आठवत नाही. ‘मॅडम, युद्ध तर यांनीच सुरू केलं ना? मग आजी कुणाच्या बाजूच्या?’

उत्तर टाळलं असतं तर सगळं शिकवणं खोटं पडलं असतं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ब्रेसलाऊमध्ये १९३३ साली वीस हजारांच्या आसपास ज्यू होते. बर्लिन आणि फ्रँकफर्टच्या खालोखाल देशातली तिसरी मोठी वस्ती. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांतल्या सुमारे हजार जणांना रेल्वेत घालून लिथुआनियातल्या कौनास शहरी नेलं आणि २९ नोव्हेंबरला तिथल्या नवव्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. त्यानंतर आणखी गाड्या गेल्या. आजींचे शेजारीपाजारी, दुकानदार, डॉक्टर यांतलं कोण त्या गाड्यांत होतं, हे चार वर्षांच्या मुलीला कळलं नसणार. घरच्या मोठ्यांना दिसलं असणार. सायलेशियातच ग्रोस-रोझेनची छळछावणी होती. सायलेशियाच्या निर्वासितांची कथा यांतलं काही न सांगता नुसती अश्रूंची म्हणून सांगणं हा अन्याय आहे, आणि असं सांगणारे जर्मनीत आजही आहेत. उलट, राष्ट्राच्या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांच्या मुलीला बर्फात मिळणं रास्त होतं असं म्हणणं हाही अन्याय. परिचारिकेने दोन्ही मनात ठेवायचं. कोटाची बटणं लावताना तिच्यापुढे ती मुलगी असते, राष्ट्र नसतं.

या प्रश्नाला दुसरी बाजूही तिच्याच पाळीत होती. तिथली एक सहकारी पोलिश. रोज झ्गोझेलेत्सहून पायी पूल ओलांडून कामाला येते. हा जुन्या शहराचा पूल २००४ मध्ये पुन्हा बांधला गेला, पोलंड युरोपीय संघात आला त्याच वर्षी. २००७ च्या डिसेंबरमध्ये तिथली नेहमीची पासपोर्ट-तपासणीही बंद झाली. तर या पोलिश सहकारीची आजी ल्वूफ भागातली, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हची. युद्धानंतर तो प्रदेश सोव्हिएत संघात गेला, तिथल्या पोलिश लोकांना पश्चिमेकडे हलवण्यात आलं, आणि त्यांतले कितीतरी ब्रेसलाऊमध्ये, म्हणजे आता व्ह्रोत्स्वाफमध्ये, जर्मनांनी सोडलेल्या घरांत राहायला आले. ल्वूफचं प्रसिद्ध ओसोलिनेउम ग्रंथालयही त्यांच्या मागोमाग व्ह्रोत्स्वाफला आलं. आजींचं घर सुटलं त्या घरात राहायला आलेल्यांचंही घर सुटलेलंच होतं.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्या गांधीनगरसारखं.’

मला या ठिकाणी थांबणं भाग आहे, कारण कोल्हापूरकर सोडले तर हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलेले हे लोक, सुटका झाल्यावर इराणमार्गे इथे आले. छावणीत त्यांची शाळा होती, चर्च होतं, दुकानं होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत वॉर्साला कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले. तेच गांधीनगर, आज कापडाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. ही मुलगी लहानपणी आईबरोबर दिवाळीचे कपडे घ्यायला तिथे जायची. दुकानातल्या एका सिंधी आजी सिंधमधल्या सक्करबद्दल बोलायच्या, हे तिला अजून आठवत होतं.

तिने हे दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत पोलिश सहकारीला सांगितलं. जर्मनमध्ये, कारण दोघींना सामायिक भाषा तीच. सहकारीला वळिवडे माहीत नव्हतं, पण घरी जाऊन तिने आईला विचारलं, आणि आईला माहीत होतं. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कोल्हापूरची मुलगी आणि झ्गोझेलेत्सची बाई पूर्वी पाळी बदलताना फक्त रक्तदाब आणि औषधं बोलत होत्या. आता त्या आजींबद्दल बोलायला लागल्या, आणि आजींना संध्याकाळी एकाऐवजी दोन माणसं मिळाली.

भाषेचं काम

आता मुख्य प्रश्न. दाराशी उभ्या असलेल्या आजींना जर्मनमध्ये म्हणायचं काय?

आधी तिचं उत्तर ठरलेलं होतं: तुम्ही ग्योर्लिट्झला आहात, आज अमुक तारीख, सगळं ठीक आहे. वास्तवाचं भान देण्याची ही रीत सुरुवातीच्या विस्मरणात कामाला येते. पुढच्या टप्प्यावर ती माणसाला खोटं पाडते. म्युनिकमध्ये १९३२ साली जन्मलेल्या आणि नाझींमुळे कुटुंबासह अमेरिकेत गेलेल्या नाओमी फाइल यांनी वृद्धाश्रमातल्या कामातून ‘व्हॅलिडेशन’ नावाची पद्धत घडवली. ती जर्मन वृद्धाश्रमांत चांगलीच रुजली आहे. तिचा गाभा असा की माणूस ज्या काळात आहे त्या काळातल्या त्याच्या भावनेला खरं मानायचं. वाद घालायचा नाही, आणि खोटंही बोलायचं नाही. प्रश्न विचारायचे ते कोण, काय, कुठे, कसं असे. ‘का’ विचारायचं नाही, कारण ‘का’चं उत्तर देण्याची ताकदच त्या माणसाकडे उरलेली नसते.

भाषाशिक्षकाला यात जागा मोठी आहे. बी-टूची तयारी करताना आपण मुलींना लांब वाक्यं बांधायला शिकवतो. एकीकडे हे, दुसरीकडे ते, जरी असं असलं तरी तसं. परीक्षेत त्यालाच गुण असतात आणि ते योग्यच आहे. पण साडेचार वाजता दाराशी जे लागतं ते चार-पाच शब्दांचं वाक्य. ‘वेर गेट मिट?’ बरोबर कोण आहे? ‘इस्ट एस झेअर काल्ट?’ फार थंडी आहे का? ‘वास नेमेन झी मिट?’ काय काय घेतलंय? आणि मग गप्प राहणं. आपल्या मुलींना परक्या भाषेत गप्प राहणं सर्वांत अवघड जातं. शांतता पडली की आपलं काही चुकलं असं वाटून त्या पुढचं वाक्य बोलतात. आम्ही तासाला हा सराव केला. एकीने प्रश्न विचारायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

काळाचा प्रश्नही होता. आजी वर्तमानकाळात बोलतात. परिचारिकेने भूतकाळात विचारलं, ‘तेव्हा थंडी होती का?’, तर ती त्यांना रस्त्यावरून ओढून खुर्चीत आणते. म्हणून प्रश्नही वर्तमानातच. संबोधन मात्र बदलायचं नाही. ती आमच्याशी बोलताना ‘आजी’ म्हणते, मीही इथे म्हणते आहे, पण तिकडे त्या आदरार्थी ‘झी’ आणि आडनावच. मनाने सात वर्षांच्या झाल्या तरी त्या शहाऐंशी वर्षांच्या बाई आहेत, आणि जर्मनीत परक्या म्हाताऱ्या माणसाला एकेरी संबोधणं हा अपमानच ठरतो.

सर्वांत जास्त काम नोंदीच्या भाषेवर केलं. ‘आक्रमक’ हा निष्कर्ष आहे. डॉक्टर आठवड्याने येतात, तीन नोंदींत ‘आक्रमक’ वाचतात आणि गरजेनुसार द्यायच्या शामक औषधाची मात्रा वाढवायचा विचार करतात. त्यांच्या जागी कोणीही तेच करील. जर्मनमध्ये दुसऱ्याचं म्हणणं आपल्या अंगाला न लावता नोंदवण्यासाठी क्रियापदाचं एक वेगळं रूप आहे, कोन्युन्क्टिव्ह एक. वर्गात ते वर्तमानपत्र वाचण्यापुरतं शिकवलं जातं आणि मुली ते ‘परीक्षेत येत नाही’ म्हणून सोडतात. या कामात ते हाताशी असावंच लागतं. तिची नवी नोंद अशी झाली:

‘सोळा तीस. बाई कोट घालून दाराशी उभ्या. म्हणतात की आपल्याला कांटला जायचं आहे, बाळ फार गप्प आहे. कोट काढण्याचा प्रयत्न केल्यावर हात ढकलला. कोट तसाच ठेवला, शेजारी बसले, गरम दुधाचा कप हातात दिला. सोळा पंचावन्नला स्वतःहून बसल्या. संदर्भ: जानेवारी १९४५, ब्रेसलाऊहून पायी निर्गमन, तान्हा भाऊ दगावल्याची मुलीकडून माहिती.’

पुढे काय झालं

या नोंदीवरून विभागप्रमुख बाईंनी आजींवर एक प्रकरण-बैठक घेतली. तिथे ती मुलगी बारा मिनिटं जर्मनमध्ये बोलली, नकाशा दाखवून. ठरलं ते असं: चार वाजायच्या आधीच दिवे लावायचे आणि पडदे ओढायचे. त्या वेळेला एक माणूस शेजारी असेल अशी पाळी लावायची. कोट आणि अभ्रा काढून घ्यायचा नाही. टेबलावर पावाचा डबा कायम भरलेला ठेवायचा. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही.

चमत्कार झालेला नाही. काही संध्याकाळी आजी रडल्या, आणि पूर्वी ढकलायच्या त्यापेक्षा ते पाहणं तिला जड गेलं. शामक औषध द्यायची वेळ कमी येऊ लागली, पण तोवर मार्च आला होता, दिवस मोठा झाला होता, आणि उजेडाने अशी अस्वस्थता तशीही कमी होते. म्हणून सगळं श्रेय इतिहासाला देणं मला बरोबर वाटत नाही. नोव्हेंबरमध्ये अंधार लवकर पडू लागल्यावर सगळं पुन्हा सुरू झालं, फक्त या वेळी विभागातल्या प्रत्येकाला माहीत होतं की कांट कुठे आहे. कामावर नवी मुलं येतात त्यांना ती नकाशा दाखवते. दाखल होतानाच्या तक्त्यात आता ‘१९४४ ते १९४६ या काळात कुठे होतात, बरोबर कोण होतं’ असा प्रश्न आहे, मात्र उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही या सूचनेसह.

तिला स्वतःला यातून एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. मान्यतेच्या परीक्षेत रुग्णाची केस मांडावी लागते. बारा मिनिटं सहकाऱ्यांसमोर बोललेल्या मुलीला परीक्षकांची भीती उरली नाही. ती पास झाली.

वर्गात काय बदललं

जर्मन शिकवताना संस्कृती आणि इतिहास हा सहसा धड्याच्या शेवटचा रंगीत चौकोन असतो: नाताळचा बाजार, बर्लिनची भिंत, बेटोफेन. परीक्षेला येत नाही म्हणून मुली तो सोडतात, आणि त्यांच्यावर वेळेचा आणि कर्जाचा जो ताण असतो तो पाहता मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणून इतिहास वेगळा विषय म्हणून न आणता मी तो ऐकण्याच्या आणि लिहिण्याच्या सरावातच घातला. बी-वनपासून प्रत्येकीला एक जन्मसाल आणि एक शहर मिळतं. त्या माणसाचं वय दहा, वीस, तीस, पन्नासच्या आसपास असताना त्या शहरात काय चाललं होतं, हे तिने साध्या जर्मनमध्ये लिहून आणायचं. १९३५, हांबुर्ग: आठव्या वर्षी, जुलै १९४३ ला, बॉम्बवर्षावातलं अग्निवादळ, आणि सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, फेब्रुवारी १९६२ चा महापूर, ज्यात शहरात तीनशेहून जास्त माणसं गेली. १९४०, लाइपत्सिग: एकोणपन्नासाव्या वर्षी, ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी, सत्तर हजार माणसं रस्त्यावर आणि एकही गोळी सुटली नाही.

१९४२, डुइसबुर्ग, असं साल दिलं तर मुली जर्मन माणूस धरून चालतात. मग त्यांना सांगावं लागतं की ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, आणि तेव्हा आलेली पहिली पिढी आता तिथल्याच वृद्धाश्रमांत आहे. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, त्यामुळे त्या आजोबांशी बोलायला जर्मन कदाचित उपयोगी पडणार नाही. तेव्हा काय करायचं, यावर आमचा एक अख्खा तास गेला आणि प्रश्न सुटलेला नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून त्या भागात जाऊ पाहणाऱ्या मुली वाढल्या आहेत. तिकडे सायलेशियाचं प्रमाण कमी आणि डॅन्यूबकाठच्या, म्हणजे हंगेरी, रुमानिया, सर्बिया इथून आलेल्या जर्मनांचं जास्त. त्यांची बोली वेगळी, जेवण वेगळं, निघण्याची साल-तारीख वेगळी. उल्म शहरात त्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. सध्याच्या बॅचमधल्या दोघी उल्मला जाणार आहेत. त्यांना मी १९३६ हे साल दिलं आहे आणि दोन गावं दिली आहेत, एक हंगेरीतलं आणि एक सर्बियातलं. पुढच्या तासाला त्या वाचून दाखवतील, आणि ग्योर्लिट्झहून ती मुलगीही त्या तासाला बसणार आहे.